सेकंद काटा

माझ्या लग्नात सासरकडून मला जे घड्याळ आलं ते शेंगदाण्याएवढं होतं. सोनेरी पट्टा, नाजूक साखळीचं कडं, आत मोत्याच्या रंगाची तबकडी आणि त्यावर दोनच काटे. बघणाऱ्या बायकांनी हातात घेऊन घेऊन त्याचं कौतुक केलं. खरंच सुरेख होतं, आणि चाळीस वर्षं झाली तरी मी ते मऊ कापडात गुंडाळून जपलंय. पण माझा जीव त्याच्यावर कधी बसला नाही, कारण त्याला सेकंद काटा नव्हता.

मी नर्स. जन्म विट्याचा, शिक्षण आणि नोकरी सांगली जिल्ह्यात. निवृत्त होईपर्यंत हाताला घड्याळ नाही असा कामाचा दिवस गेला नाही. त्या काळात बायकांसाठी निघणारी बहुतेक घड्याळं अशीच असत, लहान, दागिन्यासारखी, तास आणि मिनिटं सांगणारी. बाईला सेकंदाशी काम पडेल असं बहुधा बनवणाऱ्यांच्या मनातच येत नसावं. मला तर दिवसभर सेकंदाशीच काम होतं. म्हणून माझी आवडती घड्याळं सगळी पुरुषांची आहेत.

पहिलं आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं.

आण्णा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर लोक त्यांना कंट्रोलर म्हणत. पहाटेची पहिली गाडी सोडायची, मुक्कामी गाड्या आल्या की नोंद करायची, कुठली गाडी किती उशिरा आली ते लिहायचं. म्हणजे सगळं घड्याळावर. त्यांच्या हातात एचएमटी जनता होतं. बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने घड्याळांचा कारखाना काढला, आणि पुढच्या काही वर्षांत देशभरातल्या नोकरदारांच्या मनगटावर तीच घड्याळं दिसू लागली. पायलट, सोना, कोहिनूर, जवान, कांचन अशी त्यांची नावं होती. आण्णांच्या पांढऱ्या तबकडीवर देवनागरीत ‘जनता’ लिहिलेलं होतं. मला वाचायला आलं तेव्हा पाटीवरचे शब्द सोडून मी आधी तो शब्द वाचला असं आई सांगायची.

सकाळी सातला आण्णा चावी द्यायचे. डावीकडच्या दोन बोटांत घड्याळ धरून उजव्या अंगठ्याने ती बारीक चावी फिरवायची, वीस-बावीस वेळा, आणि घट्ट लागली की थांबायचं. त्यानंतर रेडिओवरच्या बातम्यांआधीचे ते टूक-टूक ऐकत उभे राहायचे. शेवटचा लांब ठोका पडला की घड्याळात बघायचे आणि एका छोट्या वहीत आकडा टाकायचे. अधिक तीस. अधिक पंचेचाळीस. घड्याळ रोज किती पुढं जातं त्याचा तो हिशेब. मी विचारलं होतं, आण्णा, पुढं जातंय तर रोज बरोबर का करत नाही? ते म्हणाले, “सारखे काटे फिरवले की मशिनचा स्वभाव कळत नाही. घड्याळ चुकतंच. किती चुकतंय तेवढं आपल्याला ठाऊक पाहिजे.”

ते रविवारी एकदाच काटे जुळवायचे. बाकीचे सहा दिवस डोक्यात वजाबाकी करूनच गाड्या सोडायचे.

१९७९ साली मी नर्सिंगला लागले. पहिल्याच आठवड्यात ट्यूटर सिस्टरांनी सांगितलं, ज्यांच्याकडे सेकंद काट्याचं घड्याळ नाही त्यांनी वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. मी घरी पत्र टाकलं. रविवारी आण्णा स्वतः आले. होस्टेलच्या बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी हातातलं घड्याळ काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. “स्टँडवर भिंतीचं घड्याळ आहे, माझं भागतंय. तुझं भागायचं नाही,” एवढंच बोलले. पट्टा मला ढिला होत होता. जवळच एक चांभार बसायचा, त्याच्याकडून आण्णांनी आरीने तीन भोकं पाडून घेतली. ते परत जायला निघाले तेव्हा मनगटावर घड्याळाच्या जागचा गोरा गोल दिसत होता. मला तो बघवला नाही.

नाडी मोजायला शिकणं ही साधी गोष्ट नाही. तीन बोटं मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवायची, आपला अंगठा लावायचा नाही, कारण त्यात आपलीच नाडी लागते. नजर काट्यावर आणि मन बोटांत. दोन्ही एका वेळी धरणं जमायला मला महिना लागला. जनताचं मशीन तासाला १८,००० ठोके देतं. म्हणजे सेकंदाला पाच आणि मिनिटाला तीनशे. त्यामुळे सेकंद काटा उड्या न मारता सरकत जातो, पाण्यावरून पान जावं तसा. त्या सरकण्यावर नजर ठेवून मोजताना मोजणाऱ्याचा श्वासही संथ होतो. घाबरलेल्या पेशंटचा हात धरून पूर्ण एक मिनिट गप्प उभं राहिलं की निम्म्या वेळा त्याची नाडीही उतरलेली मी अनुभवली आहे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची पद्धत आहे आणि घाईत तीच वापरावी लागते. पण ठोके मधेच चुकत असतील तर पंधरा सेकंदांत ते सापडत नाहीत. पूर्ण मिनिट द्यावं लागतं.

नंतर कधीतरी वाचलं की एका मिनिटाच्या घड्याळावर नाडी मोजायची पद्धत इंग्लंडच्या सर जॉन फ्लॉयर या डॉक्टरने आणली. १७०७ च्या सुमारास त्यांनी खास एक मिनिट चालणारं घड्याळ करून घेतलं होतं, नाडी मोजण्यासाठी. त्यांच्याआधी वैद्य-डॉक्टर नाडी जाणत होते, पण तिची गती आकड्यात क्वचितच मांडत. या माणसाविषयी मला फार जवळीक वाटते. त्याला काय हवं होतं ते मला नेमकं कळतं.

सलाईनचंही तेच. आमच्याकडच्या सेटला वीस थेंबांचा एक मिली. ५०० मिलीची बाटली चार तासांत द्यायची तर मिनिटाला बेचाळीस थेंब. हे गणित पाठ असून भागत नाही. घड्याळ थेंबाच्या नळीशेजारी डोळ्यासमोर धरून, दुसऱ्या हाताने चक्री आवळत, थेंब आणि काटा जुळवावे लागतात. आणि लहान मुलांचा श्वास! खोकला घेऊन आलेलं मूल आईच्या मांडीवर शांत झालं की अंगातलं झबलं वर करून पूर्ण मिनिट पोटाची हालचाल मोजायची. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर साठ, वर्षाच्या आतलं असेल तर पन्नास, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस. एवढे किंवा याहून जास्त भरले तर न्यूमोनियाची शंका धरायची. छातीच्या फोटोची सोय नसलेल्या गावात त्या एका मिनिटावर मूल पुढं पाठवायचं की नाही ते ठरतं. अठ्ठेचाळीस की बावन्न, हे सेकंद काट्याशिवाय कोण सांगणार?

बायका मला विचारायच्या, “सिस्टर, भावाचं घड्याळ घातलंय का हो?” मी हो म्हणायचे. वडिलांचं आहे म्हटलं तर पुढचे प्रश्न येत.

लेबर रूममध्ये बदली झाली आणि घड्याळाचं काम बदललं. मूल जन्मलं की पहिल्या मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला त्याला गुण द्यायचे असतात. रंग, ठोके, प्रतिसाद, हालचाल आणि श्वास. न्यूयॉर्कच्या व्हर्जिनिया अ‍ॅपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ मध्ये ही पद्धत आणली. पण बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या आजीला त्यातलं काही नको असतं. मुलगा की मुलगी हे कळलं की पुढचा प्रश्न येतो, “वेळ किती लिवली?”

तिला पत्रिका करायची असते. आमच्याकडे पत्रिकेवर विश्वास ठेवणाऱ्या सिस्टरा होत्या, न ठेवणाऱ्याही होत्या. मी त्या प्रश्नात पडले नाही. मला एवढंच वाटायचं की या घराने आयुष्यभर जपायचा एक आकडा माझ्याकडून मागितलाय, तो नीट द्यावा. पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती फिरते, म्हणून पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मावेळी पूर्वेला उगवणारी रास, सरासरी चार मिनिटांत एक अंश सरकतं, हे मला गावातल्या एका गुरुजींनी समजावलं होतं. जुन्या पत्रिका तपासताना त्यांना किती सांभाळावं लागतं तेही त्यांनी सांगितलं. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासूनची, पण मुंबईने आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत धरून ठेवली होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. शिवाय दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ देशभरातली घड्याळं एक तास पुढे केलेली. त्या वर्षांत जन्मलेल्यांची वेळ नुसती आकडा वाचून घेता येत नाही, ती कुठल्या घड्याळातली ते विचारावं लागतं. गुरुजींचं हे बोलणं मला आण्णांच्या वहीसारखं वाटलं.

एका लेबर रूममधलं भिंतीवरचं घड्याळ सहा मिनिटं पुढं होतं आणि सगळ्यांना ते माहीत होतं, पण कुणी सहा वजा करायचं, कुणी नाही. मग मी माझ्यापुरती एक सवय लावली. मूल पूर्ण बाहेर आलं की आधी मनगटाकडे नजर. रजिस्टरमध्ये वेळ लिहायची ती लिहायचीच, पण सोबत बँकेकडून मिळालेल्या छोट्या डायरीतही वेळ, वजन, मुलगा की मुलगी, आणि त्या दिवशी माझं घड्याळ किती पुढं किंवा मागं होतं तो आकडा. नाव कधी लिहिलं नाही. ते रजिस्टरचं.

१९८९ मध्ये धाकटे दीर मस्कतहून आले आणि माझ्या नवऱ्यासाठी सिको फाइव्ह घेऊन आले. स्टीलचं, निळ्या तबकडीचं, चावी द्यायची गरज नसलेलं. हात हलेल तसं आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग भरते. नवऱ्याने ते दोन दिवस घातलं. तिसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर निघताना त्यांनी माझ्या हातात घातलं आणि म्हणाले, “मी बँकेत खुर्चीवर बसून असतो. तुझा हात जास्त हलतो.” त्यांच्या तोंडून मी ऐकलेल्या प्रेमाच्या बोलण्यांत हे सगळ्यात वरचं.

मी जनता आण्णांना परत दिलं. दहा वर्षांनी ते त्यांच्या हातावर परत गेलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पट्ट्याची जास्तीची तीन भोकं बोटाने चाचपली.

सिकोवर तारखेशेजारी वार दिसायचा. घड्याळ आखाती बाजारातलं, म्हणून वाराच्या चकतीवर इंग्रजी आणि अरबी अशा दोन लिपी. मी इंग्रजीच लावून ठेवला होता. एकदा मेडिकल वॉर्डात एक म्हातारे चाचा होते, मशिदीत मुलांना शिकवणारे. नाडी बघताना त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं आणि त्यांनी मला चावी फिरवून सगळे वार दाखवायला लावले. अल-अहद म्हणजे एक, तो रविवार. इस्नैन दोन, सोमवार. मग तीन, चार, पाच. सहावा मात्र आकड्याचा नाही, तो जुमा, लोक जमण्याचा दिवस. आणि शनिवार सब्त. आपले वार ग्रहांचे, त्यांचे मोजणीचे. मला ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून मी वार अरबीतच ठेवला आणि डायरीच्या कडेला ती अक्षरं उजवीकडून डावीकडे गिरवू लागले. चाचा बरे होऊन गेले. जाताना म्हणाले, बेटी, अब ये घडी तेरी हुई.

हात हलला तर चालणाऱ्या घड्याळाचा एक गुण असा की ते आपल्या दिवसांची साक्ष देतं. वॉर्डातल्या धावपळीत ते कधी थांबलं नाही. १९९४ मध्ये माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, मी पडून राहिले, आणि घरी आणल्यावर बघते तर उशाशी ठेवलेलं घड्याळ बंद. ती भरलेली स्प्रिंग चाळीसेक तासच पुरते. मला त्या बंद काट्यांकडे बघून रडू आलं. मुलगी आठ वर्षांची होती. तिने ते उचललं आणि अर्धा तास घरभर हात हलवत फिरली. चालू करून आणून दिलं.

याच काळातला आणखी एक माणूस विसरले नाही. डोळ्यांच्या वॉर्डात एक शिक्षक दाखल होते, जन्मापासून अंध. त्यांच्याकडे एचएमटीचंच ब्रेल घड्याळ होतं. काच झाकणासारखी उघडायची आणि ते बोटाच्या टोकाने काटे चाचपून वेळ सांगायचे. काटा मागे-पुढे होऊ नये इतकं हलकं बोट. नाडीवर बोटं ठेवायला शिकणाऱ्या मुलींना मी त्यांच्याकडे घेऊन गेले होते. दाब किती द्यायचा ते बघा म्हणून.

पुढची घड्याळं चांगली होती, पण त्यांच्याविषयी सांगण्यासारखं थोडं आहे. वेतन आयोगाच्या फरकाचे पैसे आले त्यातून टायटन घेतलं, माझ्या पैशाने घेतलेलं पहिलं. होसूरच्या या कंपनीने क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारी, घड्याळं घराघरात नेली. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे दोनचा पंधरावा घात, म्हणून तो पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो आणि काटा एक उडी मारतो. महिन्यात काही सेकंदांचा फरक. डायरीतला अधिक-उणेचा रकाना ओसाड पडला. कामाला उत्तम, यात शंका नाही. पण साठच्या आसपासची नाडी मोजताना त्या उड्या मारणाऱ्या काट्याकडे बघितलं की मन नाडी सोडून काट्याचेच ठोके मोजायला लागतं. नव्या मुलींना मी हे आवर्जून सांगायची. त्यानंतर कॅसिओचं काळं प्लास्टिकचं, आकडेवालं. पाण्याची भीती नाही, रात्री दिवा लागतो, स्टॉपवॉच आहे. सात-आठ वर्षं तेच वापरलं.

शेवटी तर मनगटावर घड्याळच नको असं ठरलं. पट्ट्याखाली जंतू राहतात आणि हात कोपरापर्यंत नीट धुतले जात नाहीत. माझी लेक आता इंग्लंडमध्ये नर्स आहे, तिकडे कोपराखाली काही घालायचं नाही हा नियम २००७ मध्ये जाहीर झाला. तिने मला छातीला टाचायचं घड्याळ पाठवलं. ते उलटं लटकतं, म्हणजे आपण मान खाली घालून बघितलं की सुलट दिसतं. त्याला मोठा लाल सेकंद काटा आहे. बायकांसाठी, त्यांचं काम ओळखून केलेलं घड्याळ मला नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मिळालं. निवृत्तीच्या दिवशी मी ते एका नव्या सिस्टरच्या ड्रेसला टाचून आले.

आण्णा २००४ मध्ये गेले. शेवटच्या महिन्यात त्यांच्या बोटांत चावी फिरवायची ताकद नव्हती. सकाळी सातला ते काही न बोलता घड्याळ माझ्यापुढे धरायचे. मी चावी द्यायचे, ते रेडिओ लावायला सांगायचे, आणि ठोका पडला की मी आकडा म्हणायचे, ते मान हलवायचे. वहीत मी लिहायचे. शेवटची नोंद अधिक वीसची आहे.

एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करायला २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने मंजुरी दिली. त्या महिन्यात मी जनता घेऊन सांगलीतल्या घड्याळजींकडे गेले. जिन्याखाली हात-दीड हाताची जागा, डोळ्याला भिंग, समोर काचेची वाटी पालथी घालून ठेवलेली, तिच्याखाली कुणाचं तरी उघडलेलं मशीन. त्यांनी मागचं झाकण काढलं, फुंकणीने धूळ उडवली आणि बराच वेळ आत बघत बसले. मग मलाही भिंगातून दाखवलं. बॅलन्सचं चाक मागे-पुढे डोलत होतं, आणि मधे मधे ते तांबडे ज्वेल, म्हणजे चाकांचे आस ज्यांत फिरतात ते खडे, चमकत होते, डाळिंबाच्या दाण्यांसारखे. ज्वेल सतरा आहेत, मला पाच-सहाच दिसले. तेल वाळलंय, बाकी मशीन ठणठणीत, म्हणाले. तबकडीवर तपकिरी ठिपके आलेत, नवीन रंगवून देऊ का, हल्ली लोक तसंच करून विकतात, असंही विचारलं. मी नको म्हटलं. ‘जनता’ मधल्या ‘ज’ची कड उडालीय, तिथे आण्णांचं नख लागायचं.

आता तेच घालते. सकाळी सातला चावी.

मागच्या महिन्यात एका अनोळखी बाईंचा फोन आला. कुणाकडून तरी नंबर मिळवला होता. मुलीचं लग्न जुळवतायत, पत्रिका करायची आहे, आणि तिची जन्मवेळ लिहिलेला कागद पुरात गेला. १९९२ चा श्रावण, गुरुवारची रात्र. “सिस्टर, तुम्ही होतात. मला तुमचं निळं घड्याळ आठवतंय. घरात सगळे म्हणतात गुरुवारची पोर, पण दाखल्यावर तारीख शुक्रवारची आहे. काही सांगता येईल का?”

मी डायऱ्यांचा डबा काढला. ९२ ची हिरव्या पुठ्ठ्याची. सापडलं. मुलगी, दोन किलो आठशे, दोन सत्तेचाळीस, आणि पुढे माझ्या अक्षरात अधिक दीड. रविवारी काटे जुळवलेले, गुरुवारच्या रात्रीपर्यंत सिको तेवढं पुढं गेलेलं. म्हणजे पावणेतीन वाजून अर्धं मिनिट. मी तसं सांगितलं, आणि दोनदा लिहून घ्यायला लावलं. वाराचं म्हणाल तर तारीख मध्यरात्रीला बदलते, आपला वार सूर्योदयाला, त्यामुळे तुमचंही बरोबर आणि दाखल्याचंही, असं म्हणाले. त्या हसल्या, मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

फोन ठेवल्यावर मी पान पुन्हा बघितलं. त्या सिकोची तारीख बाराच्या आसपास बदलायची, पण वाराची चकती पहाटेपर्यंत रेंगाळायची, दोन लिपींमधून सरकत. नाईट ड्यूटीला त्या चौकटीत अर्धा शब्द जाणारा आणि अर्धा येणारा दिसायचा. नोंदीच्या कडेला मी त्या रात्री जुमा गिरवायला घेतलेला आहे. पहिलंच अक्षर काढलंय, पुढचं राहिलंय. तेवढ्यात बहुतेक बाळाचा पाच मिनिटांचा स्कोअर घ्यायची वेळ झाली असणार.